दुसरी न होणारी किल्ली

तीर्थस्वरूप दाजी यांस,

तुमच्या धाकट्या मेहुण्याचा वाकून नमस्कार. (वाकलो आहे, पण नजर वर ठेवून. अलीकडे मी कुणापुढेही पूर्ण वाकत नाही, कारण वाकलेल्या माणसाला मागे काय चाललंय ते दिसत नाही.) तुमचा गुडघा कसा आहे? जिना चढताना कटकट वाजतो म्हणाला होतात, तो अजून वाजतो की दमला? ताई डोळ्यांत औषध वेळेवर घालते ना? दुकान जोरात चालत असेलच. जग जितकं बिघडेल तितकी बरकत असा कुलपांसारखा दुसरा धंदा नाही, तेव्हा तुमची मला काळजी वाटत नाही. आमच्याकडे सगळं क्षेम आहे असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. प्रत्यक्षात माझी झोप उडाली आहे, भूक मंदावली आहे, आणि आमची ही माझ्याशी मोजकंच बोलते.

सरळ फोन का केला नाही, असं तुम्हाला वाटेल. फोनवर तुम्ही "काय कलाकार, बरं आहे ना?" एवढं विचारता आणि माझं उत्तर यायच्या आत फोन ताईच्या हातात देता. (हे तुम्ही सहज करता की मुद्दाम, याचा मी पूर्वी कधी विचार केला नव्हता. आता करतो.) जे लिहायचं आहे ते ताईच्या कानावर जाण्यासारखं नाही. आणि ईमेलवर माझा काडीचाही भरवसा उरलेला नाही, कारण कंपनी माझ्याशी तिथूनच बोलते. म्हणून शाई आणि कागद. पाकीट मी तिन्ही बाजूंनी डिंक लावून चिकटवणार आहे. पोचल्यावर फाडलेलं दिसलं तर लगेच कळवा.

तर विषय त्या किल्लीचा. तुम्हाला ती आठवत असेलच. (आठवत नाही असं म्हणालात, तरी मी त्याची नोंद घेईन.) मी ज्या सॉफ्टवेअरवर संगीत करतो, म्हणजे ज्यात माझी सगळी वाद्यं, सगळे ठेके आणि आजवर केलेली प्रत्येक चाल ठेवलेली आहे, ते कुणी फुकट वापरू नये म्हणून कंपनीने एक डोंगल दिला आहे. अंगठ्याच्या पेराएवढी काळी कांडी. ती कॉम्प्युटरला खोचली की हिरवा दिवा लागतो आणि सॉफ्टवेअर मला आत घेतं. नसली की ते मला ओळखतच नाही. रोज सकाळी मी माझ्याच खोलीत, माझ्याच खुर्चीवर, माझ्याच चालीसमोर बसायचं आणि त्याने विचारायचं, आपण कोण. बरं, एकदा आत घेतलं म्हणजे झालं, असंही नाही. काम चालू असताना ते मध्येमध्ये वळून बघतं, किल्ली जागेवर आहे ना. आमची ही जरा पाय आपटत गेली आणि कांडी हलली, की बासऱ्या आणि व्हायोलिनं एका झटक्यात गप्प होतात आणि पडद्यावर सूचना येते की वापरणाऱ्याची खातरजमा करता येत नाही. मी हिला खोलीच्या दारापाशी हळू चालायला सांगितलं. तेव्हापासून ती मुद्दामच चपला घालून येते, असा माझा समज आहे. ती म्हणते, फरशी गार असते.

दाजी, मी मुळात संशयी माणूस नाही, हे तुम्ही जाणता. लग्नात तुम्ही ताईला सुखात ठेवीन म्हणालात ते मी तिथल्या तिथे मान्य केलं होतं. पण ज्याला रोज उठून मी चोर नाही हे सिद्ध करायला लागतं, त्याच्या मनात हळूहळू शंका येते की मग चोर आहे तरी कोण. तेवढा एक प्रश्न डोक्यात शिरला की घरातली सगळी माणसं वेगळी दिसू लागतात.

मागच्या खेपेला तुम्ही आणि ताई आमच्याकडे राहून गेलात, तेव्हा तुम्ही ती किल्ली कॉम्प्युटरमधून काढून तळहातावर घेतली होती. वजन बघितलंत. चष्मा कपाळावर सरकवून उजेडाकडे धरलीत आणि हिचे दात कुठे आहेत म्हणून विचारलंत. मी म्हटलं, हिला दात नसतात, आणि हिची दुसरी करता येत नाही. हरवली, बिघडली तर माझा धंदा बंद. तुम्ही हसलात. म्हणालात, "दुसरी होत नाही अशी किल्ली मी अजून पाहिलेली नाही." तेव्हा मला ती एका जाणकाराची बढाई वाटली होती. आता रोज आंघोळ करताना मी ते वाक्य वेगवेगळ्या सुरांत म्हणून बघतो आणि प्रत्येक वेळी ते मला जास्तच वाईट ऐकू येतं.

तुम्ही गेल्यावर मी बंदोबस्ताला लागलो. खरी किल्ली कुठली हे चोराला कळूच नये म्हणून बाजारातून तशाच दिसणाऱ्या काळ्या कांड्या आणल्या आणि खोलीभर पेरल्या. एक पेनांच्या डब्यात, एक खिडकीच्या कठड्यावर, एक स्पीकरच्या मागे. खरी आपल्याला तरी ओळखता यावी म्हणून हिला सांगितलं की तुझ्या नेलपॉलिशचा एक बारीक ठिपका तिच्यावर दे, पण कुणाला संशय येणार नाही असा दे. ही दातांच्या डॉक्टरकडे काम करते, हाताने फार नेटकी आहे. तिने विचार केला की एकाच कांडीवर ठिपका दिसला तर कुणालाही संशय येईल. म्हणून तिने सगळ्या कांड्यांवर अगदी एकसारखे ठिपके दिले, वाळवले, आणि सगळ्या कांड्या पुसूनबिसून एका वाटीत घालून माझ्यासमोर ठेवल्या. तिच्यावर रागवायला मला जागाच सापडली नाही. काम तंतोतंत सांगितल्याप्रमाणे झालं होतं.

मग मी एकेक कांडी खोचून बघायला बसलो. सॉफ्टवेअरने पहिल्या काही निमूट नाकारल्या. नंतर त्याचा स्वर बदलला. पडद्यावर आलं की किल्लीशी छेडछाड होत असल्याचा संशय असून याची माहिती कंपनीला देण्यात येत आहे. तरी पुढची खोचली, आणि हिरवा दिवा लागला. जिवात जीव आला. तोच खाली ओळ उमटली: या किल्लीमध्ये कोणताही परवाना नाही.

दाजी, नीट लक्ष द्या. किल्ली तीच. दिवा तोच. आत काही नाही. कुणीतरी बाहेरची पेटी तशीच ठेवून आतला ऐवज काढून न्यावा तसं झालं होतं. मी दुपारभर खुर्चीत बसून होतो. हिने येऊन विचारलं, "काय झालं, कुणी गेलं का?" मी म्हटलं, परवाना गेला. ती म्हणाली, "मग नवा काढा की," आणि चपला वाजवत निघून गेली.

माझा पहिला संशय अर्थातच तिच्यावर. पण तिला त्या सॉफ्टवेअरचा इतका तिटकारा आहे की फुकट दिलं तरी ती ते घरात ठेवणार नाही, म्हणून तिला सोडलं. (पूर्ण सोडलेलं नाही. ठिपक्यांचा खुलासा मला अजून पटलेला नाही.) दुसरा संशय खालच्या मजल्यावरच्या क्लॅरिनेटवाल्यावर. गृहस्थ सज्जन आहे, पण एकदा जिन्यात त्याने मला विचारलं होतं की तुमच्या त्या सॉफ्टवेअरमध्ये क्लॅरिनेट कसा वाजतो हो. ज्याच्याकडे खरा क्लॅरिनेट आहे त्याला ही चौकशी कशाला? त्याचा अंदाज घ्यावा म्हणून मी खाली गेलो आणि त्याच्या दारात काही न बोलता उभा राहिलो. माझी नजर त्याच्या वाद्याच्या पेटीवर होती. त्याचा समज झाला की मी त्याच्या रियाजाबद्दल तक्रार घेऊन आलोय. बिचारा इतका शरमला की हात जोडून म्हणाला, उद्यापासून त्रास होणार नाही. आणि खरंच, तेव्हापासून खालून एक सूर आलेला नाही. आता मला त्या शांततेचाच संशय येतो. इतकी वर्षं वाजवणारा माणूस एकाएकी गप्प बसून करतो तरी काय? हिने मला त्याची माफी मागायला सांगितलं आहे. मी विचार करतोय.

शेवटी कंपनीला लिहिलं. उत्तर तत्परतेने आलं आणि फार गोड होतं, म्हणजे पुढे काहीतरी कडू आहे हे मी ओळखलं. त्यांनी माझं नाव विचारलं. कळवलं. त्यांनी कळवलं की या नावाचा कोणीही आमचा ग्राहक नाही. मी म्हटलं, इतकी वर्षं मी हे वापरतोय. त्यावर त्यांनी थंडपणे विचारलं, कुणाच्या परवानगीने? मग उलगडा झाला. सॉफ्टवेअर घेतलं तेव्हा माझ्याकडे परदेशी चालणारं कार्ड नव्हतं. पैसे माझे होते, पण कार्ड तुमचं वापरलं होतं आणि नोंद तुमच्या नावाने झाली होती. तेव्हापासून कंपनीच्या दप्तरी संगीतकार तुम्ही आहात. दरवर्षी ते तुम्हाला "प्रिय कलाकार" म्हणून शुभेच्छा पाठवतात. (त्या शुभेच्छा तुम्ही वाचता का? मला कधी दाखवल्या नाहीत.) ज्या माणसाला लग्नाच्या बँडमध्ये आणि पाण्याच्या पंपात फरक सांगता येत नाही, असं ताई स्वतः म्हणते, तो माणूस अधिकृत, आणि मी त्याच्या जागेत शिरलेला परका. मी त्यांना लिहिलं की कलाकार माझे दाजी आहेत. त्यांनी लिहिलं की कलाकारांच्या नातेवाइकांशी आम्ही चर्चा करत नाही.

मी हार मानली नाही. गोड बोलण्याला गोड बोलून, नाकदुऱ्या काढून, शेवटी त्यांच्या मदतनीसाकडून एक वाक्य काढलं. बहुधा त्याची कामाची वेळ संपत आली असावी. त्याने लिहिलं की जुन्या किल्लीतला परवाना नोंदणीकृत मालकाने स्वतः नव्या किल्लीवर हलवला असून ती नवी किल्ली त्यांच्या पत्त्यावर पोचती झाली आहे. त्यांच्या, म्हणजे तुमच्या.

ते वाचल्यावर मी चहा करून घेतला आणि तसाच गार होऊ दिला. दाजी, मी तुमच्यावर आरोप करत नाही. तुम्ही मोठे आहात, ताईचे यजमान आहात, आणि माझ्या पडत्या काळात तुम्ही कधी तोंड फिरवलं नाहीत. पण कुठेतरी पाणी मुरतंय, एवढं तर तुम्हीही कबूल कराल. नवी किल्ली तुम्ही मागवलीत कशासाठी, आणि मागवलीत तर मला एका शब्दाने सांगितलं का नाहीत? जन्मभर गिऱ्हाइकांच्या किल्ल्या सांभाळणाऱ्या माणसाकडून ही चूक होते, यावर माझा विश्वास बसत नाही. चूक नसेल तर दुसरं काय असेल, हा विचार मी सुरू करतो आणि अर्ध्यात सोडून देतो.

हे सगळं मी हसत लिहितोय असं वाटेल, पण दाजी, मला भीती वाटतेय. आजवर मी गाद्यांची, टूथपेस्टची आणि पंपांची गाणी केली, हे तुम्हाला ठाऊक आहे. आयुष्यात पहिल्यांदा मला कुणी खरं काम दिलं आहे. एक दिग्दर्शिका बाई आहेत. घड्याळांचा एक मोठा कारखाना बंद पडला, त्यातल्या माणसांवर त्यांनी चित्रपट केला आहे. त्यात कुणी फारसं बोलत नाही. बोलायचं ते संगीताने, असं त्या म्हणाल्या. ते मी केलं होतं. जवळजवळ सगळं झालं होतं, आणि माझ्या हातून यापेक्षा चांगलं काही होईल असं मला वाटत नाही. ते सगळं त्या सॉफ्टवेअरच्या आत आहे. मला फाइलींची नावं दिसतात, पण उघडत नाहीत. काल बाईंचा निरोप आला की पुढच्या आठवड्याच्या शेवटी संगीत हातात आलं नाही, तर त्या तयार संगीत विकत घेऊन लावतील. त्या रागावून म्हणाल्या नाहीत, म्हणून मला जास्त लागलं. मी म्हटलं, माझी किल्ली हरवली आहे. त्या म्हणाल्या, घराची का? आता त्यांनाही माझा संशय येतो.

तर असं आहे. तुम्ही समजूतदार आहात. या पत्राचा योग्य तो अर्थ घ्याल आणि अयोग्य तो घेणार नाही. ताईला माझी आठवण सांगा, पण पत्र दाखवू नका. गुडघ्याला शेक देत जा. लोभ असू द्या, निदान चौकशी पूर्ण होईपर्यंत.

तुमचाच,
(तुम्ही ज्याला कलाकार म्हणता आणि कंपनी म्हणत नाही तो)

ता. क. मूळ मुद्दा लिहायचा राहिला. ती नवी किल्ली, जिथे कुठे असेल तिथून, कापसात गुंडाळून, घट्ट झाकणाच्या डबीत घालून पत्र मिळेल त्याच दिवशी कुरियरने पाठवा. डबीवर "औषध" असं लिहा. मी कारण विचारणार नाही. किल्ली आली की झालं गेलं विसरून जायची माझी तयारी आहे. (विसरेन असं नाही, तयारी आहे.)

ता. क. २. पाकिटाला डिंक लावत होतो तेवढ्यात ताईचा फोन आला. तुम्ही बाहेर गेला होतात म्हणे. ती अगदी हळू आवाजात बोलत होती. म्हणाली, "अरे, यांचं काय चाललंय, तुला काही बोललेत का? मला तर काहीच सुचेनासं झालंय." मी म्हटलं, काय झालं? तेव्हा तिने सगळं सांगितलं. कंपनीची चिठ्ठी आली होती की तुमची किल्ली जुन्या धाटणीची असून सुरक्षित नाही, नवी विनामूल्य मागवा. "जुनं कुलूप कुणाच्या दाराला राहू देणं हे काय बरोबर नाही," असं म्हणून तुम्ही ती माझ्यासाठी मागवलीत. आणि गिऱ्हाइकाला किल्ली द्यायच्या आधी ती कुलपात फिरवून बघायची ही तुमची जन्माची सवय, म्हणून दुकानातल्या कॉम्प्युटरवर ते सॉफ्टवेअर उतरवून घेतलंत. (नवी चालू केली की जुनी रिकामी होते, हे तुम्हाला ठाऊक नसणार.) ताई म्हणते, त्या दिवसापासून तुमचं लक्ष थाऱ्यावर नाही. दुपारी दुकानाचं शटर अर्धं खाली असतं, गिऱ्हाईक परत जातं. तुम्ही मागच्या खोलीत कानांवर ते मोठं यंत्र चढवून बसता. जेवायला हाक मारली तर म्हणता, "आलो, एवढी ओळ होऊ दे." तिला वाटतंय, तुम्ही कुणाला तरी पत्रं लिहिताय.

मी विचारलं, काही गुणगुणतात का? म्हणाली, गुणगुणतात की, एकच. मी म्हटलं, म्हणून दाखव. तिने म्हणून दाखवलं. ताईच्या गळ्यातून कुठलीही चाल ओळखणं म्हणजे मोठंच दिव्य आहे, हे तुम्हाला मी सांगायला नको. तरी तीन-चारदा म्हणायला लावून मी ती कागदावर उतरवली आणि माझ्या जुन्या पेटीवर वाजवून पाहिली. पहिला माझा संशय असा, की तुम्ही ती कुठून तरी उचललीत. बराच वेळ आठवून बघितलं. कुठलीच नाही. ती तुमचीच आहे, दाजी. शेवटच्या वळणावर तुम्ही वर जाऊन अडकता. तिथे खाली उतरून बघा. मी बघितलं, उतरते.

ताईला मी काही सांगितलेलं नाही. तिच्या मनात भलतंच घोळतंय, तेव्हा ते तुम्ही स्वतः आणि आजच्या आज सांगा. मी खालच्या क्लॅरिनेटवाल्याकडे जाऊन आलो. माफी मागितली. पण तो म्हणतो, सवय मोडली.

ता. क. ३. पहिली ता. क. खोडून टाका. किल्ली पाठवू नका, डबीही नको. मीच माझा कॉम्प्युटर घेऊन तुमच्याकडे येतो. बाईंचं काम होईपर्यंत सकाळी किल्ली माझ्याकडे, दुपारी तुमच्याकडे. ही म्हणते, तिथे फरशी कशी आहे ते विचारा, म्हणजे तीही यायचं म्हणते.

आणि एक. तुम्ही एवढे दिवस ती चाल काम संपलं की तशीच सोडून उठत असाल आणि कॉम्प्युटर चालूच ठेवत असाल, अशी मला दाट शंका आहे, कारण सुरुवातीला सगळेच तसं करतात. मी येईपर्यंत किल्लीला हात लावू नका, आणि हे वाचल्याबरोबर आधी उठून ती चाल सेव्ह करा. नाव विचारेल. काहीही लिहा, पण रिकामं सोडू नका. नाव दिलं नाही तर ती पुसली जाते आणि मग कितीही बसलं तरी पुन्हा तशी सापडत नाही. माझ्या अशा पुष्कळ गेल्या.